उनाइसीचं तारण

माझ्या बायकोचं तारण एका गुरुवारी सकाळी दहा वाजता, आमच्या बेटावरच्या सिंगातोका गावच्या बाजारात, वांग्यांच्या ढिगाशेजारी झालं. हे मला ती गेल्यानंतर त्रेसष्टाव्या दिवशी कळलं. छापील कागदावरून.

कागद तोरिकाने आणला. तोरिका ही उनाइसीची चुलत बहीण. दोघी बावीस वर्षं बाजारात एकमेकींना खेटून बसल्या. मी दरीतल्या शेतात पिकवायचं आणि उनाइसीने विकायचं, असा आमचा संसार होता. तोरिका दुपारच्या बसने आली, दारात चपला काढल्या आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली.

"भावोजी, आधी चहा घ्या."

"माझ्याच घरात मला चहा घ्या म्हणतेस? काय झालंय?"

"घ्या म्हटलं ना. मग दाखवते."

मी चहा घेतला नाही. शेवटी तिने पिशवीतून तो कागद काढला आणि माझ्याकडे न बघता पुढे केला. चकचकीत, घडीचा कागद. आत उनाइसीचा फोटो. उजवा हात वर, तोंड हसरं, समोर वांगी, आणि खाली पट्टी बांधलेला पाय. फोटोखाली इंग्रजीत लिहिलं होतं: "उनाइसी, भाजी विकणारी. ती भुताखेतांच्या भीतीत जगत होती. येशूचं नाव तिने कधी ऐकलं नव्हतं. आमच्या तरुणांनी तिला रस्त्यावर गाठलं. तिने हात वर केला आणि तिचं तारण झालं. आम्ही तिच्या पायासाठी प्रार्थना केली. आज उनाइसी चालते आहे."

मी ते दोनदा वाचलं.

"हे कुठे मिळालं?"

"बाजारात वाटताहेत. तेच लोक, गेल्या वर्षीचे. पिवळे शर्ट. सोमवारी आलेत."

"किती जणांनी पाहिलं?"

"सगळ्यांनी," तोरिका म्हणाली आणि रडायला लागली.

फेब्रुवारीत उनाइसीचा पाय साखरेच्या आजारामुळे गुडघ्याखाली कापला. एप्रिलच्या शेवटी मी तिला मातीत ठेवलं. आमच्याकडे माणूस गेल्यावर शंभर रात्री पाळतात. मी दाढीला वस्तरा लावलेला नव्हता, चेहऱ्यावर पांढरं रान माजलं होतं. आणि बाजारात पिवळे शर्ट घातलेली माणसं सांगत होती की ती चालते आहे.

पण पायाचं एक वेळ सोडून दिलं असतं. प्रार्थना कोणीही करावी. येशूचं नाव तिने कधी ऐकलं नव्हतं, हे वाचून माझ्या कानशिलात रक्त चढलं. तिचा बाप आमच्या गावात सत्तावीस वर्षं उपदेश करत होता. ती एकतीस वर्षं चर्चमध्ये बायकांच्या गाण्याची सुरुवात करत होती. तिने पहिला स्वर लावल्याशिवाय कोणी तोंड उघडत नसे. तिच्या घराण्यातला एक जण जहाजाने पश्चिमेकडच्या बेटांवर सुवार्ता सांगायला गेला आणि परत आला नाही. त्याचं नाव चर्चच्या भिंतीवर लाकडात कोरलेलं आहे. त्याने तिथे गेल्यावर आधी दोन वर्षं तिथली भाषा शिकली, तिथल्या लोकांचे कंद खाल्ले, आणि तिथल्याच तापाने तो मेला. हे लोक अकरा दिवसांसाठी येतात, स्वतःचं पाणी बाटल्यांतून आणतात आणि आम्हाला येशूचं नाव सांगतात.

त्या गुरुवारी काय झालं ते मला ठाऊक होतं. उनाइसीनेच घरी येऊन सांगितलं होतं, हसत हसत.

ही पथकं दरवर्षी येतात. बाजाराच्या फाटकापाशी उभी राहतात. आधी एखादं नाटकुलं करतात, कोणी सैतान होतो, कोणी दोरीने बांधलेला असतो. मग एक जण बोलतो आणि शेवटी विचारतो, आज कोणाला प्रभूचा स्वीकार करायचाय, हात वर करा. आता आमच्याकडे पाहुण्याने विचारलं आणि कोणी उत्तर दिलं नाही, तर लाज पाहुण्याची नाही, आपली. म्हणून बाजारातल्या बायकांनी आपसांत पाळी लावली होती. या वेळी तू, पुढच्या वेळी मी. तोरिकाचं आतापर्यंत चार वेळा तारण झालं होतं. एकदा तर एकाच आठवड्यात दोनदा, कारण पथकं दोन आली होती.

त्या दिवशी पाळी उनाइसीची नव्हती. पण बोलायला एका पोरीला उभं केलं होतं. एकोणीस-वीस वर्षांची, उन्हाने नाक सोललेलं, हातात लिहून आणलेला कागद. ती बोलून थांबली आणि कोणीच हात वर केला नाही, कारण जिची पाळी होती ती लघवीला गेली होती.

"अहो, ती पोर नुसती उभी," उनाइसीने मला सांगितलं होतं. "मागे तिचा तो साहेब हाताची घडी घालून बघतोय. तिचे डोळे भरून आले. मी म्हटलं, आता ही रडणार. मग केला हात वर."

"म्हणजे तुझं तारण झालं," मी म्हणालो.

"झालं बाई एकदाचं. आता तुमचंच राहिलं."

आम्ही खूप हसलो होतो. पोरगी येऊन तिच्या गळ्यात पडली होती आणि उनाइसीने तिला दोन पपया दिल्या होत्या. एवढंच घडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या बसने बाजारात गेलो. पिवळे शर्ट फाटकापाशीच होते. त्यांचा म्होरक्या डॅरेल, उंच, पन्नाशीचा, गुलाबी मानेचा. तो पुढे होऊन माझा हात दोन्ही हातांत धरून हलवायला लागला.

"गुड मॉर्निंग ब्रदर! आज तुमच्यासाठी कशाची प्रार्थना करू?"

मी कागद उघडून त्याच्या छातीशी धरला. "ही माझी बायको."

त्याचा चेहरा खुलला. तो मागे वळून ओरडला, "हेली! इकडे ये! आपल्या उनाइसीचे मिस्टर आलेत!"

आपल्या उनाइसीचे. तो हे बोलला.

ती पोरगी धावत आली. तीच असावी, नाक अजून सोललेलंच होतं. "सर, त्या कशा आहेत? आज बाजारात दिसल्या नाहीत. मी त्यांच्यासाठी शाल आणलीये."

"ती मेली," मी म्हणालो. "नऊ आठवडे झाले."

पोरीचा चेहरा एकदम पडला. तिने तोंडावर हात नेला. डॅरेलने डोळे मिटले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "ब्रदर, पण आज ती प्रभूजवळ आहे. आणि का आहे? कारण त्या दिवशी तिने इथे हात वर केला. ही पोरं इथे आली नसती तर काय झालं असतं, विचार करा."

मी त्याचा हात खांद्यावरून काढला. त्याला ढकललं नाही, एवढंच. मी आयुष्यात माणसावर हात उचललेला नाही, पण त्या क्षणी माझी मूठ वळलेली होती आणि ती मला दिसत होती.

"ती जन्मली त्या आठवड्यात तिचा बाप्तिस्मा झाला," मी म्हणालो. "तुमची ही पोरं जन्मलीही नसतील तेव्हापासून ती चर्चमध्ये गाते. तुम्ही लिहिलंय तिने नावच ऐकलं नव्हतं. हे खोटं आहे. भुताचं खोटं आहे. पायाचं खोटं आहे. इथे उभे राहा आणि या सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा की हे खोटं आहे."

"ब्रदर, तुम्ही दुःखात आहात."

"मी दुःखात आहेच. तुम्ही सांगा."

"हे छापायच्या आधी थोडक्यात करावं लागतं. आमच्याकडच्या लोकांना समजेल असं. मुद्दा तोच आहे ना? ती देवाजवळ आली."

"ती देवाजवळच बसली होती. तुम्ही तिच्या समोर येऊन उभे राहिलात."

बायका ऐकत होत्या, पण माना खाली घालून वांगी पुसत होत्या. पाहुण्याशी मोठ्याने बोलणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. मीही तसा माणूस नव्हतो. डॅरेल म्हणाला की तो याबद्दल आमच्या चर्चच्या पाळकांशी बोलेल. मी म्हणालो, शनिवारपर्यंत तुम्ही इथे आहात, शनिवारपर्यंत मी वाट बघेन.

गुरुवारी दुपारी आमचे पाळक, नेमानी, माझ्या दारात आले. बरोबर गावातले दोन वडीलधारे, डॅरेल आणि हेली. पाळकांच्या हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते दारापाशी, खालच्या बाजूला बसले तेव्हाच मला कळलं की आत देवमाशाचा दात आहे, आणि मी मनात म्हटलं, बरं खेळलात.

हा दात पुढे ठेवून क्षमा मागितली की माणूस ती देतो. देतोच. खुनाची क्षमा अशी दिलेली मी लहानपणी पाहिली आहे. समोरचा टाळी वाजवतो, दात दोन्ही हातांनी घेतो, आणि मग ती गोष्ट पुरली. पुन्हा तिचं नाव काढायचं नाही, घरातसुद्धा नाही. माझ्या माहितीत आमच्या गावात कोणी दात नाकारलेला नव्हता.

डॅरेल नवीन सुलू कमरेला गुंडाळून चटईवर बसला होता. त्याने हेलीला खूण केली आणि तिने फोटो काढायला फोन वर केला. वडीलधाऱ्यांपैकी एकाने डोळे वटारले तेव्हा तिने तो खाली ठेवला.

पाळक गुडघ्यांवर आले, दात दोन्ही हातांत धरला आणि आमच्या भाषेत बोलले. चांगलं बोलले. आमच्या कुळाचं नाव घेतलं, उनाइसीच्या कुळाचं घेतलं. मग म्हणाले की पाहुण्यांकडून अजाणतेपणी एक लहानशी चूक झाली, ती पोटात घालावी. पाहुण्यांचं मन साफ आहे. वादळात उडालेल्या सभागृहाच्या छपरासाठी त्यांनी पत्रेही आणले आहेत.

लहानशी चूक. मी टाळी वाजवली नाही.

पाळकांचे हात पुढे तसेच राहिले.  मी डॅरेलकडे बघून इंग्रजीत विचारलं, "तुम्ही कशाबद्दल क्षमा मागताय?"

तो गडबडला. "तुमच्या भावना दुखावल्या असतील तर..."

"माझ्या भावना राहू द्या. कागदात काय खोटं आहे ते सांगा."

त्याने पाळकांकडे बघितलं. "मला तर सांगितलं होतं की मला काही बोलावं लागणार नाही. तुम्हीच सगळं बोलणार."

पाळकांच्या मानेची शीर उडायला लागली. हेली म्हणाली, "सर, मी माझ्या वहीत लिहिलं होतं की त्या चर्चमध्ये गातात. त्यांनी मला तसं सांगितलं होतं. बाकीचं मी नाही लिहिलं."

"हेली," डॅरेल म्हणाला.

"मी नाही लिहिलं, डॅरेल. तुम्ही ते काढून टाकलं. म्हणालात, चर्चमध्ये गाणाऱ्या बाईची गोष्ट ऐकायला कोण येईल?"

पाळकांना इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं येतं. त्यांनी ऐकलं. पण दात अजून त्यांच्या हातात होता आणि ते मला आमच्या भाषेत हळूच म्हणाले, "इलाइतिया, हात पुढे कर. बाकीचं मी बघतो."

"नाही."

"अरे, माझ्या आजोबांचा दात आहे हा."

"आजोबांचा आहे म्हणूनच सांगतो. हा तुम्ही कोणासाठी उचलून आणलात? ज्याला आपण काय केलं हेही माहीत नाही त्याच्यासाठी? तुम्ही त्याला आधी विचारलंत तरी का?"

पाळकांनी विचारलं नव्हतं. त्यांनी गृहीत धरलं होतं. माणूस दात घेऊन येतो तेव्हा त्याच्या पोटात लाज असते, आम्हाला दुसरं काही सुचतच नाही. म्हणून त्यांनी आपल्या घराण्यातली सगळ्यात मोठी वस्तू एका परक्या माणसाच्या हाताशी दिली, आणि तो माणूस फोटो निघतोय का ते बघत होता.

एक वडीलधारे म्हणाले, "दात नाकारलास तर तुझ्या बायकोच्या शंभराव्या रात्रीला गाव कोणत्या तोंडाने येईल?"

"येऊ नका," मी म्हणालो. "मी एकटा बसेन. पण ती येशूला न ओळखणारी बाई म्हणून त्या दिवशी कोणाच्या तोंडी नसेल. पाळक, तिच्या अंत्यविधीला बायबल तुम्ही उघडलंत. कोणाला पुरलंत तुम्ही? या कागदातल्या बाईला? तसं असेल तर सांगा, मी आत्ता हात पुढे करतो."

पाळकांनी दात चटईवर ठेवला. परत उचलला नाही. "हा मी नेणार नाही," ते म्हणाले.  "तू घेशील तोवर इथेच राहील." मग ते डॅरेलकडे वळले आणि ज्या इंग्रजीत रविवारी पाहुण्यांचं स्वागत करतात त्याच इंग्रजीत म्हणाले, "उठा. पत्रे तुमच्या ट्रकमध्ये परत घाला."

"पास्टर, थांबा, आपण समजून घेऊ..."

"पत्रे घाला, नाहीतर शनिवारी बाजारात उभे राहून या माणसाने सांगितलं तसं बोला. दोन्हीपैकी एक. माझ्या आजोबांचा दात जमिनीवर पडलाय, तुमच्या कागदामुळे."

दोन दिवस तो दात माझ्या चटईवर होता. मी त्याला वळसा घालून चाललो.

शनिवारी बाजार भरलेला असतो. डॅरेल फाटकापाशी उभा राहिला, मागे पिवळे शर्ट, बाजूला पाळक. हातात हेलीच्या अक्षरातला कागद. तो वाचू लागला. "उनाइसी या जन्मापासून ख्रिस्ती होत्या..."

"मोठ्याने!" तोरिका ओरडली. "मागे आलं विकणाऱ्या बायकांना ऐकू येत नाहीये!"

त्याने पुन्हा सुरुवातीपासून वाचलं. उनाइसी या जन्मापासून ख्रिस्ती होत्या. त्या एकतीस वर्षं चर्चमध्ये गायनाचं नेतृत्व करत होत्या. त्यांना आमच्यामुळे तारण मिळालं नाही. त्यांचा पाय बरा झाला नाही. त्यांचा मृत्यू झाला आहे. आम्ही लिहिलं ते खरं नव्हतं. वाचताना त्याची मान गुलाबीची लाल झाली. वाचून संपल्यावर त्याने कागद खाली केला, श्वास घेतला आणि हात पसरले. "पण मित्रांनो, आपल्या चुकांतूनसुद्धा देव..."

पाळकांनी त्याचं कोपर धरलं. "पुढचं नाही."

"फक्त एक मिनिट, पास्टर."

"पुढचं नाही."

"आणि माझं चार वेळा झालंय, तेही खोडा!" तोरिकाने आवाज दिला, आणि पूर्ण बाजार हसला. कंदवाल्या हसल्या, टॅक्सीवाले हसले, पिवळ्या शर्टांतले दोघे-तिघे कशाला हसताहेत हे न कळता हसले. मला हसू आलं नाही.

हेली माझ्याजवळ आली. तिने मला ती शाल द्यायला काढली. मी घेतली नाही. विचारलं, "हे कागद तुमच्या देशात किती गेले?"

"खूप, सर. गेल्या हिवाळ्यात. आमच्याकडच्या बऱ्याच चर्चमध्ये."

"तिकडे कोण वाचून दाखवणार?"

तिने खालमानेने सांगितलं की ती स्वतः लिहील, प्रत्येकाला. लिहीलही. पण मला दिसत होतं की जिथे ते कागद भिंतींवर लागले असतील, तिथे भुतांना भिणारी एक बाई आत्ता या घडीला धडधाकट पायांनी चालते आहे, लोक तिच्यासाठी देवाचे आभार मानताहेत, आणि ती बाई माझ्या बायकोचा चेहरा घेऊन फिरते आहे. तिला मी कसा परत बोलावू? बाजारातल्या पाचशे माणसांनी खरं ऐकलं. बाकीचं माझ्या हातात नव्हतं. मी हेलीला म्हणालो, "लिही." आणि बससाठी निघालो. तिला मी आणखी काही चांगलं बोललो नाही. बोलायला हवं होतं असं तोरिका म्हणते. उनाइसी बोलली असती. मी उनाइसी नाही.

संध्याकाळच्या आत पाळक माझ्या घरी आले. एकटे. ते चटईच्या खालच्या टोकाला बसले, दात उचलला आणि गुडघ्यांवर आले. या वेळी त्यांनी कुळांची नावं घेतली नाहीत.

"इलाइतिया, मी तिला ओळखत होतो. सोळा वर्षं दर रविवारी तिचा आवाज ऐकला. तो कागद मी सोमवारीच पाहिला होता. पाहिला आणि घडी करून ठेवला, कारण पत्रे यायचे होते. ही चूक माझी आहे. त्या माणसाची चूक घेऊन मी आज आलेलो नाही."

 सोमवारी पाहिला होता. तोरिका माझ्याकडे यायच्या आधी. डॅरेलवरचा माझा राग बाजारात थोडा तरी खर्च झाला होता, पण हा नवीन होता आणि तो घरातल्या माणसावर होता. मला वाटलं, उठावं आणि यांना दाराबाहेर काढावं. मला वाटलं, विचारावं की तिला पुरताना तुम्ही रडलात ते कशासाठी.

विचारलं नाही. या माणसाने आपण काय केलं ते आपल्या तोंडाने सांगितलं होतं. मी दुसरं काही मागितलं नव्हतं.

मी टाळी वाजवली आणि दोन्ही हात पुढे केले. दात जड होता, गार होता. घेताना म्हणायचे असतात ते शब्द मी म्हटले, की हे आता पुरलं गेलं आहे. माझा आवाज माझ्या कानाला कोरडा लागला. पोटातला राग हलला नव्हता, आणि पाळकांनाही ते दिसत असावं, कारण त्यांनी माझ्याकडे वर बघितलं नाही. ते उठायला लागले तेव्हा त्यांचा गुडघा आखडला. मी दात चटईवर ठेवला आणि त्यांना हात दिला.